परतीच्या पावसात बंद पडणारी १५ गीगाहर्ट्झची लिंक

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील टेकडीवरचा मनोरा आणि शहरातील गच्चीवरचा खांब यांना जोडणारी आपली १० किलोमीटरची बिनतारी (मायक्रोवेव्ह) लिंक १५ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. दोन्ही टोकांना ६० सेंटिमीटर व्यासाच्या डिश आहेत, पोलरायझेशन (लहरीच्या कंपनाची दिशा) आडवे आहे आणि मॉड्युलेशन (लहरीवर माहिती चढवण्याची पद्धत) २५६ क्यूएएमवर, म्हणजे जास्त माहिती वाहणाऱ्या पण चांगला सिग्नल मागणाऱ्या पातळीवर, कायम ठेवलेले आहे. जुलैत एका दिवशी २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तरी लिंकला काही झाले नाही. ऑक्टोबरात मात्र ज्या दिवशी जेमतेम ३५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच दुपारी ती वीस मिनिटे बंद राहिली. पुरवठादार ७ गीगाहर्ट्झवर जाण्याचा सल्ला देतो, तर आपले सहकारी त्याच मनोऱ्यावर काही अंतराने दुसरी डिश लावून स्पेस डायव्हर्सिटी घ्यावी असे म्हणतात. जाता जाता आपण असेही लिहिले आहे की ऑगस्टपासून सिग्नलची पातळी कोरड्या दिवशीसुद्धा पाच-सहा डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे एकक) खाली आहे. माझ्या मते हे शेवटचे वाक्य आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी जुलै आणि ऑक्टोबरचे कोडे सोडवले पाहिजे.

हवामान खात्याचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागील २४ तासांची बेरीज असतो. शेतीला, धरणाला ती बेरीज उपयोगी पडते. रेडिओ लहरीला मात्र बेरजेशी काही देणेघेणे नसते. ती ज्या क्षणी मार्गावरून जाते त्या क्षणी हवेत किती थेंब आहेत आणि ते केवढे आहेत, एवढेच तिला जाणवते. म्हणून नियोजनात पावसाचा दर मिलिमीटर प्रति तास या एककात, आणि तोही एका मिनिटाच्या सरासरीने घेतला जातो. आपल्या जुलैच्या दिवशीचे २०० मिलिमीटर २४ तासांत पसरले, तर सरासरी ताशी ८ मिलिमीटर होते, आणि घाटाकडून येणाऱ्या त्या झडीत मधूनमधून ताशी ३० पर्यंतचे जोर आले असे धरले तरी चित्र फारसे बिघडत नाही. ऑक्टोबरची सर मात्र वीस मिनिटांत ३३-३४ मिलिमीटर ओतून गेली असेल, तर तिचा दर ताशी १०० मिलिमीटरच्या घरात होता.

आपल्या भाषेत पावसाला जेवढे शब्द आहेत, तेवढे कोणत्याही नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीत, आणि ते शब्द या कामी खरोखर उपयोगी पडतात. रिपरिप, झड, संततधार ही लिंकच्या दृष्टीने साधी माणसे आहेत. मे महिन्यातला वळीव आणि परतीच्या पावसातली गडगडाटी सर यांची मात्र धास्ती बाळगावी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुण्याला सातशेच्या आसपास, म्हणून महाबळेश्वरची लिंक आठपट अधिक वेळ बंद राहील असा हिशेब कोणी केला, तर तो चुकेल. डोंगराला अडून पडणारा पाऊस तासन्‌तास चालतो, पण त्यात बारीक आणि मध्यम थेंबांचा भरणा असतो. उन्हाने तापलेल्या देशावर दुपारी उभा राहणारा ढग थोडा वेळ टिकतो, पण मोठ्या थेंबांचा मारा करतो.

थेंबांच्या आकाराला एवढे महत्त्व का, हे तरंगलांबीवरून समजते. ७ गीगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ४.३ सेंटिमीटर, १५ गीगाहर्ट्झला २ सेंटिमीटर आणि ८० गीगाहर्ट्झला पावणेचार मिलिमीटर असते. पावसाचा मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जातो. थेंबाचा आकार तरंगलांबीच्या जवळ येऊ लागला की तो लहरीची ऊर्जा शोषतो आणि विखुरतोही. धुक्याचे कण याच्या तुलनेत इतके सूक्ष्म असतात की दहा मीटरवरचा माणूस दिसत नसला, तरी आपल्या पट्ट्यातील लिंकला त्याचा पत्ता लागत नाही. याशिवाय, खाली पडणारा मोठा थेंब हवेच्या रोधामुळे गोल न राहता भाकरीसारखा चपटा होतो. त्याची रुंदी उंचीपेक्षा अधिक असल्यामुळे आडव्या पोलरायझेशनची लहर उभ्या पोलरायझेशनच्या लहरीपेक्षा अधिक क्षीण होते. आपली लिंक आडव्या पोलरायझेशनवर आहे, हे इथे लक्षात ठेवावे.

आता आकडे घेऊ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी-८३८ या शिफारशीत प्रतिकिलोमीटर क्षीणन काढण्याचे साधे सूत्र आहे: पावसाच्या दराचा एक घात घेऊन त्याला एका गुणकाने गुणायचे, घात आणि गुणक वारंवारतेनुसार व पोलरायझेशननुसार बदलतात. ताशी १०० मिलिमीटर दर धरला, तर ७ गीगाहर्ट्झला आडव्या पोलरायझेशनमध्ये किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन डेसिबल जातात, १५ गीगाहर्ट्झला ७.९, २३ गीगाहर्ट्झला १४ आणि ८० गीगाहर्ट्झला ३० च्या आसपास. उभ्या पोलरायझेशनमध्ये १५ गीगाहर्ट्झचा आकडा ६.१ वर येतो. ताशी ८ मिलिमीटरच्या झडीत मात्र आपल्या लिंकचे किलोमीटरमागे अर्धा डेसिबलही जात नाही, म्हणजे संपूर्ण १० किलोमीटरला साडेचार डेसिबल. ताशी ३० चा जोर सगळ्या मार्गावर एकदम आला, तरी नुकसान २० डेसिबलच्या आसपास थांबते.

जोरदार सर संपूर्ण मार्गावर सारखी पडत नाही, हीही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे. तीव्र पावसाचा गाभा बहुधा काही किलोमीटरचाच असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला अवघा ७३; हे टोकाचे उदाहरण असले तरी पाऊस एका जागी किती एकवटू शकतो ते यातून दिसते. म्हणून पी-५३० या शिफारशीत प्रत्यक्ष अंतराऐवजी परिणामकारक अंतर वापरतात. ताशी १०० मिलिमीटर दराला आणि आपल्या १० किलोमीटर अंतराला ते पाच-साडेपाच किलोमीटर येते.

आपल्या लिंकचा ताळेबंद मी असा मांडतो. मोकळ्या अवकाशात १० किलोमीटरला १५ गीगाहर्ट्झवर सुमारे १३६ डेसिबल खर्च होतात. प्रक्षेपकाची शक्ती २० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) आणि ६० सेंटिमीटरच्या प्रत्येक डिशची गेन, म्हणजे किरण एकवटल्याने मिळणारी वाढ, ३६.५ डेसिबल धरली, तर कोरड्या दिवशी समोरच्या ग्राहक-यंत्राला उणे ४३ डीबीएम मिळायला हवेत. २८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये २५६ क्यूएएमला साधारण उणे ६७ आणि क्यूपीएसकेला, म्हणजे कमी माहिती वाहणाऱ्या पण दुबळ्या सिग्नलवरही टिकणाऱ्या मॉड्युलेशनला, उणे ८७ पर्यंतची पातळी चालते; नेमके आकडे आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकात पाहावेत. म्हणजे फेड मार्जिन, लिंक पडण्यापूर्वी जेवढी घट सोसता येते ती, २५६ क्यूएएमसाठी २४ डेसिबल, क्यूपीएसकेसाठी ४४. वर्षातील ०.०१ टक्का वेळ, म्हणजे सुमारे ५३ मिनिटे, ताशी १०० मिलिमीटरचा दर ओलांडला जातो असे गृहीत धरले, तर तेवढ्या वेळात आडव्या पोलरायझेशनवर ४१ डेसिबल किंवा त्याहून अधिक क्षीणन होते, उभ्यावर ३४. इतर टक्केवारीसाठीही त्याच शिफारशीत सूत्र आहे. त्यानुसार आजच्या रचनेत, २५६ क्यूएएमवर अडून राहिल्यास, आपली लिंक वर्षाला सव्वातीन तासांच्या आसपास पावसामुळे बंद राहणे हे अपेक्षितच आहे. पोलरायझेशन उभे केले तर हाच काळ दोन-सव्वादोन तासांवर येतो. आणि क्यूपीएसकेपर्यंत उतरण्याची मुभा दिली तर आडव्यावर ४३ मिनिटे, उभ्यावर २५ मिनिटे उरतात. हे आकडे दीर्घकालीन सरासरीचे आहेत. एखाद्या वर्षी दुप्पट, एखाद्या वर्षी निम्मे येणे अजिबात वेगळे मानू नये.

ही सरासरी वाचताना आणखी एक गफलत होते. वर्षाला सव्वातीन तास म्हणजे दर महिन्याला सोळा-सतरा मिनिटे, असा अर्थ ग्राहक लावतो. आपल्याकडे डिसेंबर ते मार्चमध्ये बहुतेक काही घडत नाही. ते सगळे तास मे ते ऑक्टोबरमधील मोजक्या दुपारी आणि संध्याकाळी जमा होतात, त्यातही बँका आणि कार्यालये उघडी असताना. करारात वार्षिक टक्केवारी लिहिताना ही गोष्ट ग्राहकाला तोंडी तरी सांगून ठेवावी.

आता ऑगस्टच्या त्या पाच-सहा डेसिबलकडे येऊ. पाऊस थांबला की पावसाचे क्षीणन काही मिनिटांत संपते. ते कोरड्या दिवशी मागे उरत नाही. जे मागे उरते ते बहुधा दोनांपैकी एक असते: वाऱ्याने डिश किंचित फिरलेली असते, नाही तर कुठेतरी पाणी शिरलेले असते. ६० सेंटिमीटरच्या डिशचा किरण १५ गीगाहर्ट्झला सुमारे सव्वादोन अंशांचा असतो. डिश दीड अंशाने हलली की पाच-सहा डेसिबल सहज जातात. टेकडीवरच्या मनोऱ्याचे नट-बोल्ट ऑगस्टच्या वाऱ्यात सैल होणे ही दुर्मीळ घटना नाही. पाणी शिरण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत: फीड (डिशमध्ये लहर सोडणारे आणि घेणारे तोंड) आणि बाहेरच्या युनिटमधील सांधा, जिथली रबरी रिंग चिरलेली असते किंवा बसवतानाच वाकडी बसलेली असते, आणि जुन्या रचनेत वेव्हगाइड, म्हणजे लहर वाहून नेणारी धातूची पोकळ नळी, ज्यात कोरडी हवा दाबाने भरणारे यंत्र कुणीतरी बंद करून ठेवलेले असते.

मी स्वतः या बाबतीत एकदा चांगलाच फसलो आहे. घाटमाथ्यावरच्या एका हॉपवर, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या टप्प्यावर, तीन पावसाळे लिंक पडत होती. मी हिशेब केला, मार्जिन कमी आहे असे लिहून दिले आणि दोन्ही बाजूंना मोठ्या डिश बसवून घेतल्या. लिंक सुधारली आणि माझी पाठही थोपटली गेली. जुनी डिश खाली उतरवल्यावर फीडच्या सांध्यातून वाटीभर पाणी निघाले. नव्या डिशबरोबर नवी रिंग आली होती, आणि सुधारणेचा मोठा भाग त्या काही रुपयांच्या रिंगेचा होता. तेव्हापासून पावसाचा दोष काढण्यापूर्वी मी सिग्नलच्या पातळीचा आलेख मागवतो.

आलेख वाचण्याची पद्धत अवघड नाही. पावसाच्या क्षीणनात दोन्ही दिशांची पातळी एकाच वेळी, जवळजवळ सारखीच, काही मिनिटांत खाली जाते आणि तशीच वर येते. पाणी शिरले असेल तर पातळी पावसात खाली जाते, पण पाऊस थांबल्यावर तासन्‌तास रेंगाळते आणि दुपारचे ऊन लागल्यावर हळूहळू वर चढते. डिश फिरली असेल तर एका वादळी रात्री पायरीसारखी घट दिसते आणि ती कायम राहते. आपल्या वर्णनावरून मला ही शक्यता अधिक वाटते. पातळी एकाच टोकाला घसरली असेल, तर समोरच्या टोकाचा प्रक्षेपक किंवा या टोकाचे ग्राहक-यंत्र संशयित ठरते, पाऊस नव्हे. आणि पातळी अजिबात न घसरता लिंक एकदम नाहीशी झाली असेल, तर बॅटरी आणि जनरेटरची नोंद तपासावी. पावसात वीज जाते, आणि लिंकच्या माथी मारलेल्या कित्येक खंडांचे मूळ वीजपुरवठ्यात असते. एक सूचना इथेच करतो. आपल्या यंत्रात शक्तीचे स्वयंचलित नियंत्रण चालू असेल, तर केवळ ग्राहक-यंत्राची पातळी पाहून निष्कर्ष काढू नये, कारण घट झाली की समोरचे टोक शक्ती वाढवून ती झाकते. मिळालेल्या पातळीचा आणि प्रक्षेपणाच्या शक्तीचा असे दोन्ही आलेख शेजारी ठेवावेत.

अर्थात सहा डेसिबल परत मिळाले असते तर ऑक्टोबरची सर निभावली असती, असे माझे म्हणणे नाही. ताशी १०० मिलिमीटरचा गाभा चार-साडेचार किलोमीटरचा धरला तरी ३५ डेसिबलच्या आसपास क्षीणन होते, आणि २४ च्या मार्जिनने तेही पेललेच नसते. फरक वेळेचा पडतो: २४ डेसिबलचे मार्जिन सरीच्या फक्त ऐन जोरात संपले असते, तर उरलेल्या १८ डेसिबलवर लिंक लवकर पडली आणि उशिरा उठली.

आता दोन्ही सल्ल्यांविषयी. स्पेस डायव्हर्सिटी इथे उपयोगाची नाही, हे स्पष्ट सांगतो. दोन डिश एकाच मनोऱ्यावर दहा-पंधरा मीटर अंतराने लावल्या तरी दोघींच्या वाटेत तीच सर असते. ती युक्ती बहुमार्गी क्षीणनासाठी आहे, म्हणजे हिवाळ्यातल्या निवांत पहाटे किंवा खाडी-जलाशयावरून जाणाऱ्या मार्गावर हवेच्या थरांमुळे लहर दोन वाटांनी येऊन स्वतःलाच छेदते, त्या प्रकारासाठी. तो प्रकार वारा-पाऊस नसताना घडतो. पाऊस सुरू झाला की हवा ढवळली जाते आणि तो बहुधा थांबतो. याच कारणाने शेजारच्या वारंवारतेची राखीव जोडीही पावसात कामी येत नाही, कारण दोन्ही वारंवारता एकदमच बुडतात.

७ गीगाहर्ट्झचा सल्ला भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. त्या पट्ट्यात आपल्या अंतराला ताशी १०० मिलिमीटरला दहा डेसिबलच्या आतबाहेर क्षीणन होईल. परंतु ६० सेंटिमीटरच्या डिशची गेन तिथे तीसच्या आसपास उतरते, म्हणून १.२ किंवा १.८ मीटरच्या डिश लागतील. मनोऱ्यावरचा वाऱ्याचा भार कितीतरी वाढेल. आणि ६ व ७ गीगाहर्ट्झ हे पट्टे आपल्याकडे प्रामुख्याने लांब पल्ल्याच्या कणा-मार्गांसाठी दिले जातात, तर १३, १५, १८ आणि २१ गीगाहर्ट्झ हे टॉवरजोडणीसाठी, त्यामुळे १० किलोमीटरसाठी परवानगी मिळवण्यात वेळ जाईल. चाळीस किलोमीटरचा मार्ग असता तर मी दुसरा विचारही केला नसता. इथे मात्र तो शेवटचा उपाय समजावा.

माझा क्रम असा राहील. आधी कोरड्या दिवशी दोन्ही टोकांच्या डिश पुन्हा जुळवाव्यात, फीडच्या रिंगा बदलाव्यात, केबलचे सांधे नव्याने बांधावेत आणि पातळी हिशेबाच्या दोन डेसिबलच्या आत आल्याखेरीज माणसांना खाली उतरू देऊ नये. जुळवताना उपलोबवर, म्हणजे मुख्य किरणाच्या बाजूच्या कमकुवत किरणावर, डिश अडकलेली नाही ना, हेही पाहावे; पातळी हिशेबाहून वीसेक डेसिबलने कमी असेल तर हाच संशय घ्यावा. त्यानंतर परिस्थितीनुसार बदलणारे मॉड्युलेशन चालू करावे. आपले यंत्र ते देत असूनही २५६ क्यूएएमवर खिळवून ठेवलेले असेल, तर आपण हातचे २० डेसिबल सोडून देत आहात. क्यूपीएसकेवर क्षमता सुमारे चतुर्थांश उरते, म्हणून आवाज, बँकेचे व्यवहार आणि नियंत्रणाची माहिती यांना अग्रक्रम देण्याची व्यवस्था त्याच वेळी करावी; नाही तर लिंक जिवंत राहील आणि तक्रारी तेवढ्याच येतील.

उभे पोलरायझेशन हा जवळजवळ फुकटचा उपाय आहे. फीड आणि युनिट ९० अंशांत फिरवायचे, दोन्ही टोकांना एकाच दिवशी. परवान्यात पोलरायझेशनची नोंद असेल तर आधी बदल मंजूर करून घ्यावा आणि त्याच टेकडीवर शेजारी कोणी उभ्या पोलरायझेशनवर तीच वारंवारता वापरत नाही याची खात्री करावी. यानेही भागले नाही, तर टेकडीच्या टोकाला १.२ मीटरची डिश लावावी. व्यास दुप्पट झाला की सहा डेसिबल मिळतात. त्या डिशचा किरण निम्मा अरुंद होतो, म्हणून मनोरा डुलणारा असेल तर हा उपाय उलटतो. शहरातील गच्चीवरचा खांब मला फोटोत तसाच दिसतो आहे, म्हणून टेकडीचे टोक म्हणालो.

ग्राहकाला एक मिनिटाचाही खंड नको असेल, तर एकाच हॉपवर कितीही पैसे घातले तरी ते शक्य नाही. तेव्हा वेगळ्या दिशेने जाणारा दुसरा मार्ग घेऊन वर्तुळ पूर्ण करावे. सरीचा गाभा काही किलोमीटरचाच असल्यामुळे पुरेशा अंतरावरचे दोन मार्ग एकाच वेळी बुडण्याचे प्रसंग फार थोडे येतात. दुसरा मार्ग फायबरचा असला तरी चालेल. पावसाळ्यात रस्ता खोदणारे यंत्र तो तोडते आणि सर हा मार्ग तोडते, आणि दोघांचे वेळापत्रक सहसा जुळत नाही.

आपण शेवटी ८० गीगाहर्ट्झच्या लिंकविषयीही विचारले आहे. शहरात एक-दीड किलोमीटरसाठी, आणि तीही १५ किंवा १८ गीगाहर्ट्झच्या लिंकशी जोडून, ती उत्तम आहे: कोरड्या वेळी मोठी क्षमता ती वाहते आणि सर आली की खालचा पट्टा महत्त्वाची वाहतूक सांभाळतो. किलोमीटरमागे ३० डेसिबलचा आकडा पाहता १० किलोमीटरसाठी तिचा विचार करू नये.

कामे करून घेण्यासाठी मेचा पहिला आठवडा गाठावा, वळीव सुरू होण्याआधी. त्या दिवशीची दोन्ही टोकांची पातळी आणि प्रक्षेपणाची शक्ती तारखेसह लिहून ठेवावी, आणि यंत्रात दर पंधरा मिनिटांची किमान पातळी साठवण्याची सोय चालू करावी. ऑक्टोबरचा तो आलेख यंत्रात अजून असेल तर मला पाठवावा. पडण्याआधीचा आणि उठल्यानंतरचा तासभर पुरेसा आहे.